अगंज पोलादाच्या बंदुकीचे चमकविरहित पृष्ठसंस्करण

अगंज पोलादाच्या बंदुकीचे चमकविरहित पृष्ठसंस्करण म्हणजे स्टेनलेस स्टीलपासून घडवलेल्या बंदुकीच्या, रायफलीच्या अथवा पिस्तुलाच्या बाह्य पृष्ठभागावरून प्रकाशाचे आरशासारखे परावर्तन होऊ नये, यासाठी त्यावर करण्यात येणारी यांत्रिक, रासायनिक किंवा लेपनाची प्रक्रिया होय. नेमबाजाच्या डोळ्यांवर येणारी तिरीप टाळणे, शस्त्र दुरून न चकाकणे आणि वापराने पडलेले ओरखडे झाकणे हे या प्रक्रियेचे मुख्य हेतू आहेत.

साध्या पोलादाच्या बंदुकीवर निळसर-काळा थर चढवण्याची जुनी रीत अगंज पोलादावर लागू पडत नाही. ज्या गुणामुळे हे पोलाद गंजत नाही, त्याच गुणामुळे ते नेहमीच्या रासायनिक द्रावणांनाही दाद देत नाही. त्यामुळे त्याची चमक घालवण्याचे दोनच प्रमुख मार्ग उरतात : पृष्ठभागाची सूक्ष्म रचना बदलणे, किंवा त्यावर दुसऱ्या पदार्थाचा थर देणे. यांपैकी पहिल्या मार्गाचा काही अंश घरच्या घरी करता येण्याजोगा असला, तरी त्यात धातूचे संरक्षक कवच, शस्त्राची सुरक्षितता आणि त्यावरील ओळखचिन्हे या तिन्हींचा प्रश्न गुंतलेला असतो. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ मुळे या शेवटच्या बाबीला विशेष महत्त्व आहे.

संज्ञा

मराठी शास्त्रीय लेखनात स्टेनलेस स्टीलसाठी 'अगंज पोलाद' हा शब्द वापरला जातो. व्यवहारात मात्र 'स्टील' एवढेच म्हटले जाते. 'स्टीलची भांडी' या शब्दप्रयोगात तोच अर्थ अभिप्रेत असतो. धातूच्या वस्तूला शेवटी जे रूप व पोत दिला जातो त्याला 'पृष्ठसंस्करण' म्हणतात. कारखान्यांत त्यासाठी 'फिनिश' हा शब्द रूढ आहे. पूर्णतः निस्तेज पृष्ठभागाला 'मॅट', एका दिशेच्या बारीक रेषा असलेल्या मंद चमकीच्या पृष्ठभागाला 'सॅटिन' किंवा 'ब्रश', आणि आरशासारख्या पृष्ठभागाला 'मिरर' फिनिश असे म्हटले जाते. साध्या पोलादावर निळसर-काळा ऑक्साइड थर निर्माण करण्याच्या क्रियेस या लेखात 'नीलन' म्हटले आहे.

चमक कशी निर्माण होते

गुळगुळीत पृष्ठभागावर पडलेले समांतर प्रकाशकिरण परावर्तनानंतरही समांतर राहतात. यास नियमित परावर्तन म्हणतात. पृष्ठभाग खडबडीत असल्यास प्रत्येक किरण वेगवेगळ्या कोनात पडतो आणि वेगवेगळ्या दिशांना परावर्तित होतो. हे अनियमित परावर्तन होय. दोन्ही ठिकाणी परावर्तनाचे नियम तेच असतात. बदलतो तो पृष्ठभागाच्या लहान लहान भागांचा कोन.

पृष्ठभाग गुळगुळीत आहे की खडबडीत, हे प्रकाशाच्या तरंगलांबीच्या तुलनेत ठरते. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारणतः ४०० ते ७०० नॅनोमीटर असते. धातूवरील उंचवटे व खळगे याहून बरेच लहान असतील तर तो आरशासारखा दिसतो. ते तरंगलांबीएवढे किंवा त्याहून मोठे झाले की प्रकाश विखुरतो आणि धातू करडा, निस्तेज दिसू लागतो. म्हणजेच चमक घालवण्यासाठी धातूचा रंग बदललाच पाहिजे असे नाही. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा बदलही त्यासाठी पुरेसा असतो.

याचे उदाहरण महाराष्ट्रातील बहुतेक घरांत सापडते. आहेरात आलेल्या स्टीलच्या तांब्यावर किंवा ताटावर विद्युत लेखणीने नाव घातलेले असते. त्या अक्षरांत कोणताही रंग भरलेला नसतो. लेखणीच्या टोकाने धातूवर बारीक टिंबे उमटलेली असतात व तेवढ्याच भागावरून प्रकाश विखुरला जातो, म्हणून चकचकीत पार्श्वभूमीवर अक्षरे वेगळी वाचता येतात. वर्षानुवर्षे घासणीने घासलेले ताट नव्या ताटापेक्षा निस्तेज दिसते, त्याचेही कारण हेच होय.

अगंज पोलाद आणि बंदूक

अगंज पोलादाच्या शोधाचा बंदुकीशी थेट संबंध आहे. इंग्लंडमधील शेफील्ड येथील धातुशास्त्रज्ञ हॅरी ब्रेअर्ली हे रायफलीच्या नळीची आतून होणारी झीज कमी करण्यासाठी निरनिराळ्या मिश्रधातूंचा अभ्यास करीत होते. १९१३ साली त्यांनी सुमारे १२.८ टक्के क्रोमियम असलेले पोलाद तयार केले. सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी धातूचे नमुने आम्लाने कोरावे लागत; हे पोलाद त्या आम्लांना नेहमीप्रमाणे दाद देत नाही असे त्यांच्या लक्षात आले. त्या पोलादाचा पहिला मोठा उपयोग झाला तो मात्र सुऱ्या-चाकूंसाठी. जर्मनीतील क्रुप कंपनीत एडुआर्ड माउरर व बेन्नो श्ट्राउस यांनी त्याच सुमारास क्रोमियम व निकेल या दोन्हींचा समावेश असलेले अगंज पोलाद विकसित केले होते.

बंदुकीच्या बाजारात हा धातू उशिरा आला. अमेरिकेतील स्मिथ अँड वेसन या कंपनीने १९६५ साली 'मॉडेल ६०' हे अगंज पोलादाचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. नियमित उत्पादनातील असे ते पहिले रिव्हॉल्व्हर मानले जाते. अंगाजवळ बाळगलेल्या शस्त्रावर घामातील क्षारांमुळे चढणारा गंज टाळणे हा त्यातील मोठा लाभ होता. त्याची किंमत चमकेच्या रूपाने मोजावी लागली.

पोलाद 'अगंज' ठरण्यासाठी त्यात किमान १०.५ टक्के क्रोमियम असावे लागते. या क्रोमियमचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा पारदर्शक थर तयार होतो. यास निष्क्रिय थर म्हणतात. ओरखडा पडला तरी हवेच्या संपर्कात तो थर पुन्हा तयार होतो. स्वयंपाकाच्या चांगल्या प्रतीच्या भांड्यांत वापरले जाणारे '३०४' प्रतीचे पोलाद सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेलचे असते. बंदुकीच्या नळीसाठी प्रामुख्याने '४१६' ही प्रत वापरतात. तीत क्रोमियम १२ ते १४ टक्के असते, उष्णोपचाराने तिला कठीणपणा देता येतो आणि यंत्रावर कापणे सोपे जावे म्हणून तीत गंधक मिसळलेले असते. कमी क्रोमियम आणि गंधकाचे अस्तित्व यांमुळे ही प्रत भांड्यांच्या पोलादापेक्षा गंजाला लवकर बळी पडते. 'अगंज' या शब्दाचा अर्थ 'कधीही न गंजणारे' असा नसून 'सहज न गंजणारे' असा घ्यावा लागतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

बंदुकीच्या नळीवरील चमक हा प्रश्न अगंज पोलादापेक्षा पुष्कळ जुना आहे. आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्ली यांच्या नेतृत्वाखालील ब्रिटिश फौज आणि शिंदे-भोसले यांच्या फौजा यांच्यात लढाई झाली. त्या काळी ब्रिटिश पायदळाच्या ठासणीच्या बंदुकींच्या नळ्या घासूनपुसून चकचकीत ठेवल्या जात. शस्त्राची झळाळी ही शिस्तीची खूण मानली जाई. रांगेत उभे राहून समोरासमोर गोळीबार करणाऱ्या सैन्याला लपायचे नव्हते, त्यामुळे चमकेची अडचण भासत नव्हती.

झाडाझुडपांच्या आडून नेम धरणाऱ्या रायफलधारी तुकड्या आल्या तेव्हा ही स्थिती बदलली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत ब्रिटिश सैन्यात नळ्यांवर मुद्दाम तपकिरी थर चढवण्याची पद्धत रूढ झाली. या पद्धतीत नळीवर सौम्य संक्षारक द्रावण लावून पातळ गंज येऊ देतात, सुटा गंज घासून काढतात आणि ही क्रिया अनेकदा करून शेवटी तेल देतात. अशा रीतीने नियंत्रित गंजाचाच उपयोग पुढील गंज रोखण्यासाठी व चमक घालवण्यासाठी केला जाई. लोखंड व पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवलेल्या नळ्यांवर या क्रियेने लाटांसारखी नक्षीही उठून दिसे. पुढे हाच तपकिरी ऑक्साइड थर उकळत्या पाण्यात धरून काळा करण्याची आणि त्यानंतर तप्त क्षारद्रावणात एकाच वेळी नीलन करण्याची पद्धत प्रचारात आली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्करी शस्त्रांवर फॉस्फेटचा करडा, निस्तेज थर मोठ्या प्रमाणावर देण्यात आला.

नीलन का चालत नाही

तप्त नीलनात कॉस्टिक सोडा व नायट्रेट क्षारांच्या संहत द्रावणात पोलादी भाग सुमारे १४० अंश सेल्सिअस तापमानाला बुडवतात. पृष्ठभागावरील लोहाचे मॅग्नेटाइट या काळ्या ऑक्साइडमध्ये रूपांतर होते. लोहाराच्या भट्टीतून निघालेल्या विळ्या-कोयत्याच्या पाठीवर जी काळी खपली दिसते तिच्यातही हेच ऑक्साइड असते. नीलनातील थर मात्र पातळ, एकसंध व चिकटून राहणारा असतो.

या क्रियेसाठी द्रावणाचा लोहाशी संपर्क यावा लागतो. अगंज पोलादात क्रोमियम ऑक्साइडचा निष्क्रिय थर आड येतो आणि रंग चढत नाही, किंवा डागाडागांनी चढतो. बाजारात मिळणारी थंड नीलनाची द्रावणे, ज्यांत सेलेनियम व तांब्याची संयुगे असतात, तीही याच कारणाने निष्फळ ठरतात. फॉस्फेट थरासाठीही आम्लाने लोहाला किंचित खाणे आवश्यक असते, म्हणून तोही अगंज पोलादावर नीट बसत नाही.

म्हणून कोणतीही प्रक्रिया निवडण्यापूर्वी धातूची ओळख पटणे आवश्यक असते. लोहचुंबकाची घरगुती परीक्षा येथे फसवी ठरते. '३०४' प्रतीच्या भांड्यांना चुंबक सहसा चिकटत नाही, म्हणून 'चुंबक चिकटला की साधे लोखंड' असा समज आहे. परंतु बंदुकीत वापरले जाणारे '४१६' हे अगंज पोलाद असूनही चुंबकाला चिकटते. उत्पादकाच्या माहितीपत्रकातील नोंद हाच खात्रीचा आधार होय.

पद्धती

यांत्रिक पद्धती

घर्षण. बारीक अपघर्षकाने एकाच दिशेने घासून सॅटिन पोत मिळवता येतो. यासाठी ३२० ते ४०० क्रमांकाचा पॉलिश पेपर अथवा नायलॉन तंतूंची अपघर्षक घासणी वापरतात. रेषा नळीच्या लांबीला समांतर ठेवण्याची प्रथा आहे. गोल फिरवून घासल्यास निरनिराळ्या दिशांचे ओरखडे उमटून पृष्ठभाग डागाळलेला दिसतो. या पद्धतीने चमक पूर्ण जात नाही, परंतु आरशासारखी तिरीप मोडते.

कणांचा मारा. दाबाखालील हवेबरोबर बारीक कण पृष्ठभागावर सोडणे ही मॅट पोत मिळवण्याची सर्वांत प्रचलित पद्धत आहे. काचेच्या गोल मण्यांच्या माऱ्याने धातूवर सूक्ष्म खळगे पडतात व मंद, रुपेरी करडा पोत येतो. ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या टोकदार कणांनी पृष्ठभाग कापला जाऊन अधिक गडद व खरखरीत पोत मिळतो. यासाठी हवेचा काँप्रेसर, बंदिस्त पेटी व धूळ ओढून घेणारी व्यवस्था लागते. नदीची वाळू या कामी वापरणे घातक आहे. तिच्यातील सिलिकाची धूळ फुप्फुसांत साचून सिलिकोसिस हा असाध्य विकार होतो.

यांत्रिक पद्धतींत एक पथ्य कटाक्षाने पाळावे लागते. साध्या लोखंडी तारेची घासणी, पोलादी तारांचा ब्रश किंवा पूर्वी साध्या लोखंडावर वापरलेला पॉलिश पेपर वापरल्यास लोहाचे सूक्ष्म कण अगंज पोलादात रुततात. काही दिवसांनी ते कण गंजतात व पृष्ठभागावर तांबूस ठिपके दिसू लागतात. 'स्टील असूनही गंजले' अशी तक्रार पुष्कळदा याच दूषितीकरणामुळे उद्भवते.

निष्क्रियीकरण

घासल्यानंतर किंवा कणांच्या माऱ्यानंतर पृष्ठभागावरील सुटे लोह काढून क्रोमियम ऑक्साइडचा थर नीट तयार व्हावा, यासाठी आम्लाची प्रक्रिया करतात. उद्योगांत नायट्रिक आम्ल दीर्घकाळ वापरात आहे. अलीकडे सायट्रिक आम्लाचा वापर वाढला आहे, कारण ते हाताळण्यास पुष्कळ सौम्य असते. तथापि गंधकयुक्त '४१६' प्रतीवर अयोग्य संहतीचे आम्ल वापरल्यास पृष्ठभाग क्षणार्धात काळवंडतो व खाल्ला जातो. त्यामुळे भांड्याच्या पोलादावर यशस्वी झालेली कृती बंदुकीच्या पोलादावर जशीच्या तशी लागू करता येत नाही.

रासायनिक काळेपणा

अगंज पोलाद काळे करण्याच्या औद्योगिक प्रक्रिया अस्तित्वात आहेत. त्यांपैकी एकीत वितळलेल्या सोडियम डायक्रोमेटमध्ये सुमारे ४०० अंश सेल्सिअस तापमानाला धातू बुडवतात. या क्षारातील षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे आणि वितळलेल्या क्षारात पाण्याचा थेंब पडला तरी त्याचा जोराने उडवा होतो. प्रशिक्षित मनुष्यबळ व सांडपाणी-शुद्धीकरण असलेल्या कारखान्याबाहेर ही प्रक्रिया करता येत नाही.

रासायनिक क्रियेने निस्तेज काळा पृष्ठभाग मिळवण्याची एक प्रसिद्ध परंपरा दख्खनमध्ये आहे. बीदरच्या, तसेच औरंगाबाद (छत्रपती संभाजीनगर) येथील बिदरी कामात जस्त व तांब्याच्या मिश्रधातूवर नवसागर आणि विशिष्ट माती यांचा लेप दिला जातो. त्याने मिश्रधातू गडद काळा होतो, तर त्यात जडवलेली चांदी पांढरीच राहते. एकाच लेपाला दोन धातू वेगवेगळा प्रतिसाद देतात, हे तत्त्व तेथे कलेच्या कामी आले आहे. साधे पोलाद काळे करणारे द्रावण अगंज पोलादाला काळे करीत नाही, यामागेही धातूंच्या रासायनिक स्वभावातील असाच फरक असतो.

लेपन

पृष्ठभागावर दुसऱ्या पदार्थाचा थर देण्याचे प्रमुख प्रकार पुढीलप्रमाणे आहेत :

- फवारणीचे लेप : सिरॅमिक कण मिसळलेली राळ फवारून भट्टीत पक्की करतात. थराची जाडी साधारणतः २५ मायक्रॉनच्या आसपास असते. त्यापूर्वी ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या कणांनी पृष्ठभाग खरखरीत करावा लागतो. अन्यथा लेपाचे पापुद्रे निघतात.
- निर्वात निक्षेपण : निर्वात कक्षात टायटॅनियमच्या संयुगांचा अथवा हिऱ्यासदृश कार्बनचा अत्यंत पातळ व कठीण थर बसवतात. हे पूर्णपणे कारखान्यातील काम आहे.
- काळा क्रोम व निकेल मुलामा : विद्युत अथवा रासायनिक विलेपनाने धातूचा थर चढवतात. निष्क्रिय थरामुळे अगंज पोलादावर मुलामा बसवण्यापूर्वी विशेष पूर्वप्रक्रिया करावी लागते.

थर चकचकीत पृष्ठभागावर चढवल्यास तोही चमकतो. म्हणून काळा रंग व चमकविरहितता या दोन भिन्न गोष्टी मानाव्या लागतात.

तात्पुरते उपाय

संपूर्ण शस्त्राचा पृष्ठभाग न बदलता फक्त नेम धरण्याच्या भागांची चमक घालवणे हा नेमबाजीतील जुना उपाय आहे. बंदुकीच्या टोकाकडील माशीवर ऊन पडले की तिची एक कड उजळ दिसते आणि डोळा नकळत त्या उजळ कडेला मध्य समजतो. परिणामी नेम प्रकाशाच्या दिशेनुसार सरकतो. यासाठी कार्बाइडच्या दिव्याची किंवा कापराची काजळी माशीवर धरण्याची पद्धत होती. दिव्यावर धरलेल्या वाटीत काजळ धरते त्याच तत्त्वावर येथे कार्बनचा मखमली थर बसतो. काजळी प्रकाश शोषून घेते, धातूला इजा करीत नाही आणि फडक्याने पुसली जाते. हे काम अर्थातच शस्त्र पूर्ण रिकामे असताना व दारूगोळ्यापासून दूर केले जाई.

तिरीप टाळण्याची गरज स्पर्धात्मक नेमबाजीत आजही तेवढीच आहे. ५० मीटर रायफल प्रकारात दुर्बीण वापरता येत नाही. छिद्र व कड्यांच्या साहाय्याने नेम धरावा लागतो. याच क्रीडाप्रकारात महाराष्ट्राच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिक येथे प्रोन प्रकाराचे जागतिक विजेतेपद मिळवले आणि स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तीन स्थिती प्रकारात कांस्यपदक पटकावले.

घरगुती प्रयत्नांच्या मर्यादा

वरील पद्धतींपैकी हाताने घासून सॅटिन पोत आणणे एवढेच काम साध्या साधनांनी होऊ शकते. त्यासाठीही पुढील बाबी लक्षात घेतल्या जातात.

शस्त्र रिकामे असल्याची खात्री डोळ्यांनी पाहून व बोटाने चाचपून केली जाते आणि काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवली जातात. फक्त बाहेरचा भाग हाताळला जातो. नळीचा आतील भाग, काडतुसाचे घर, नळीच्या मुखाची कड, चाप व घोड्याची यंत्रणा, तसेच एकमेकांवर सरकणारे पृष्ठभाग यांना अपघर्षक लागू दिला जात नाही. या भागांची मापे मिलिमीटरच्या शंभराव्या भागात राखलेली असतात. चापाच्या यंत्रणेतील एखादी कड किंचित गोलावली तरी घोडा आपोआप सुटून गोळी उडण्याचा धोका निर्माण होतो. नळीच्या मुखाची कड असमान झाल्यास नेम कायमचा बिघडतो. सुटलेले अपघर्षक कण यंत्रणेत शिरल्यास ते तेलाबरोबर मिसळून भाग झिजवतात.

आम्ले वापरल्यास आणखी एक अदृश्य धोका संभवतो. आम्ल व धातू यांच्या क्रियेतून सुटणारा हायड्रोजन अतिकठीण पोलादात शिरून त्यास ठिसूळ करू शकतो. स्प्रिंगसारखे ताणाखालील भाग त्यामुळे पूर्वसूचना न देता तुटतात. शौचालय स्वच्छ करण्याच्या आम्लाने धातू 'मॅट' करण्याचा प्रयत्न सर्वस्वी चुकीचा ठरतो, कारण त्यातील क्लोराइड हे निष्क्रिय थराचे मुख्य शत्रू असून त्यामुळे पोलादात खोल छिद्रे पडतात.

यांत्रिक प्रक्रिया परतवता येत नाही, हीदेखील मोठी मर्यादा आहे. रंग खरवडून काढता येतो; घासून गेलेला धातू पुन्हा येत नाही. उत्पादकाने दिलेल्या हमीवरही अशा बदलाचा परिणाम होऊ शकतो.

कायदेशीर बाजू

भारतात अग्निशस्त्र बाळगणे, बनवणे, दुरुस्त करणे व त्याचे रूपांतर करणे या बाबी शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांनी नियंत्रित केल्या आहेत. अधिनियमाच्या कलम ५ नुसार शस्त्रांची निर्मिती, विक्री, रूपांतर, दुरुस्ती अथवा चाचणी यांसाठी स्वतंत्र परवाना लागतो. शस्त्र बाळगण्याचा परवाना त्यासाठी पुरेसा नसतो. नित्याची साफसफाई व तेल देणे यापलीकडचे काम परवानाधारक शस्त्रदुरुस्तकाकडून करून घेणे हाच निर्धोक मार्ग समजला जातो.

पृष्ठसंस्करणाच्या दृष्टीने कलम ८ सर्वांत महत्त्वाचे आहे. शस्त्रावर ठोकलेले नाव, क्रमांक किंवा अन्य ओळखचिन्ह पुसणे, काढणे, बदलणे अथवा बनावट उमटवणे यास हे कलम मनाई करते. ज्याच्या ताब्यात असे चिन्ह पुसलेले शस्त्र सापडेल त्यानेच ते पुसले, असे विरुद्ध सिद्ध होईपर्यंत गृहीत धरले जाते. म्हणजेच केवळ चमक घालवण्याच्या हेतूने घासताना क्रमांक अस्पष्ट झाला, तरी आपला हेतू निर्दोष होता हे सिद्ध करण्याचा भार शस्त्रधारकावर येऊ शकतो. कणांच्या माऱ्याने उथळ अक्षरे बुजतात आणि जाड लेपाखाली ती झाकली जातात. म्हणून कोणत्याही प्रक्रियेत चिन्हांचा भाग झाकून वगळणे आणि काम पूर्ण झाल्यावर क्रमांक परवान्याशी पडताळून पाहणे आवश्यक ठरते.

परवान्यात शस्त्राचा प्रकार व क्रमांक नोंदलेला असतो. उदाहरणार्थ, जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील कुंभार पिंपळगाव येथील परवानाधारकासाठी परवाना प्राधिकारी जालन्याचे जिल्हादंडाधिकारी असतात. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत हे अधिकार पोलीस आयुक्तांकडे असतात. परवान्याचे नूतनीकरण, शस्त्राची तपासणी किंवा निवडणूक काळात पोलीस ठाण्यात शस्त्र जमा करणे अशा प्रत्येक प्रसंगी शस्त्रावरील क्रमांक व परवान्यातील नोंद यांचा मेळ बसावा लागतो.

अधिनियमाच्या कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. अशा ठासणीच्या बंदुका, तसेच जुन्या बाराबोरी बंदुका, बहुधा साध्या पोलादाच्या असतात. त्यांना या लेखातील प्रक्रिया नव्हे, तर पारंपरिक नीलन अथवा तपकिरी थर लागू पडतो.

देखभाल

मॅट पृष्ठभाग चकचकीत पृष्ठभागापेक्षा अधिक निगा मागतो. सूक्ष्म खळग्यांत ओलावा, घाम व क्षार अडकून राहतात. त्यामुळे एकाच प्रतीच्या पोलादावर निस्तेज भाग गुळगुळीत भागापेक्षा आधी डागाळण्याची शक्यता असते. कोकणासारख्या खाऱ्या व दमट हवेत हा परिणाम मराठवाड्याच्या कोरड्या हवेपेक्षा अधिक जाणवतो. हाताळल्यानंतर कोरड्या फडक्याने पुसणे, तेलाचा पातळ हात देणे आणि चामड्याच्या म्यानात दीर्घकाळ न ठेवणे हे उपाय करतात. चामडे ओलावा धरून ठेवते आणि ते कमावताना वापरलेले क्षार धातूला बाधतात. तांबूस ठिपके दिसल्यास ते खरवडण्याऐवजी तेल लावून नायलॉनच्या घासणीने मूळ रेषांच्या दिशेने हलकेच काढले जातात. पृष्ठभागावर छिद्रे दिसू लागल्यास शस्त्र वापरण्यापूर्वी जाणकार शस्त्रदुरुस्तकाकडून तपासून घेणे आवश्यक असते.

हे सुद्धा पहा

- अगंज पोलाद
- प्रकाशाचे परावर्तन
- गंज
- बिदरी कलाकाम
- असईची लढाई
- शस्त्र अधिनियम, १९५९
- नेमबाजी